आधी गाळ, मग बारव

"लातूरला बघण्यासारखं आहे तरी काय?" हा प्रश्न निघताना चिपळूणच्या एस.टी. स्टँडवर मला तिघांनी विचारला. परत आल्यावरही त्याच तिघांनी तोच विचारला. म्हणजे मधल्या काळात मी कुठे गेले होते यावर त्यांचा विश्वासच नव्हता. म्हणून हे लिहायला घेतलं. ज्यांना वाचायचा कंटाळा असेल त्यांनी सरळ जाऊन यावं, फक्त पांढरी साडी नेसून जाऊ नये.

मला नेणारी महानंदा. आम्ही दोघी बी.एड.ला एका खोलीत राहिलो. ती उदगीरच्या लिंगायत भुसार व्यापाऱ्याची मुलगी, आता लातूरच्या शाळेत भूगोल शिकवते. लातूर नुकतंच उस्मानाबादेपासून वेगळं होऊन स्वतंत्र जिल्हा झालं होतं आणि महानंदाला त्याचा असा अभिमान, की जणू जिल्हा तिच्याच पोटी जन्मला. तिने आणि गावातल्या काही हौशी मंडळींनी एक बेत आखला होता. आपल्या भागातली जुनी देवळं, लेणी, किल्ले, बारवा बाहेरच्या माणसांना एका बसमध्ये घालून दाखवायच्या. त्याआधी सगळा मार्ग कुणावर तरी चालवून पाहायला हवा होता.

"तू नमुन्याची पर्यटक," तिने पत्रात लिहिलं होतं. "कोकणातली आहेस. तू टिकलीस तर कुणीही टिकेल."

लातूर

पहिल्या सकाळी न्हाणीघरात गेले तर तिथे एक बादली. तीही अर्धी. आमच्याकडे पाऊस जावयासारखा येतो, आला की चार महिने हलत नाही. त्यामुळे पाण्याशी हिशेबाने वागायची मला सवय नाही. मी ती अर्धी बादली अंगावर ओतून बाहेर आले आणि महानंदाला म्हटलं, "दुसरी भरून दे, केस धुवायचेत." ती दारात कपाळाला हात लावून उभी राहिली. दुसरी बादली नव्हतीच. त्या अर्ध्या बादलीत दोघींच्या आंघोळी आणि नंतर तुळशीला तांब्याभर, असं ठरलेलं होतं. तुळशीच्या वाट्याचंही मीच अंगावर घेऊन आले होते.

तिची शेजारीण कुंपणावरून हसून म्हणाली, "अव्वा! पाहुनीबाईनं तं निम्मा तालुका पिऊन टाकला की!"

तिला विचारलं, नवा जिल्हा कसा वाटतो? तर म्हणाली, "भावाभावाची वाटणी झाली बगा. आमच्या वाट्याला डाळीच्या गिरण्या आल्या अन् दुष्काळ आला. दुष्काळ तेवढा त्येंनी बी ठेवून घेतलाय, ते एक बरं झालं."

खरोसा

खरोशाची लेणी एका टेकडीवर आहेत. वर चढून पाहते तर लालबुंद जांभा दगड! आमच्या घराच्या भिंतीचा, आमच्या विहिरीचा, आमच्या पाखाडीच्या पायऱ्यांचा दगड. माहेरचं माणूस परक्या गावात भेटावं तसं मला झालं. फरक एवढाच, की आम्ही त्याच जांभ्याचे चिरे पाडून गोठे बांधले आणि इथल्या माणसांनी त्यात देव कोरले. उन्हापावसाने झिजलेल्या त्या मूर्ती मऊ मऊ झाल्या आहेत. चेहरे गेलेत, पण कमरेचा बाक तसाच आहे.

एका खांबावर बदामाचं चिन्ह आणि त्यात बाण खोदून दोन नावं लिहिली होती. महानंदाने ती वाचली आणि भडकली. "हा पोरगा माझ्या वर्गात होता! आणि ही पोरगी नव्हती!" नक्की कशाचा राग आला हे मी विचारलं नाही.

उतरताना तिला म्हटलं, "उद्या बसमधून चाळीस माणसं आणशील, तेव्हा असे चाळीस बदाम वाढतील." माणूस आणला तर जागा बिघडते, नाही आणला तर कुणाला तिची किंमत राहत नाही. हे कोडं आम्हा दोघींना त्या टेकडीवर पडलं आणि पुढच्या गावी ते कुणीतरी आधीच सोडवून ठेवलं होतं.

शिरूर अनंतपाळच्या पुढे

शिरूर अनंतपाळला उतरलो आणि तिथून महानंदाच्या मामांच्या बैलगाडीने बेलहिप्परग्याला गेलो. अप्पामामा गावचे सावकारी वळणाचे दुकानदार. कपाळाला भस्म, गळ्यात चांदीच्या करंड्यातलं इष्टलिंग, आणि धोतर इतकं पांढरंशुभ्र, की दुष्काळात ते धुवायला पाणी कुठून येतं असा प्रश्न पडावा. "बर्री, बर्री!" म्हणत त्यांनी स्वागत केलं. इथे कानडी दारातच भेटायला येते, मराठी मागून चुलीपाशी.

जेवायला ज्वारीची पातळ भाकरी, येसर मसाल्याची झणझणीत आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि खास पाहुणीसाठी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. माझ्या डोळ्यांतून आमटीमुळे पाणी वाहत होतं. मामा म्हणाले, "वाहू द्या, गावात तेवढंच पानी." जेवताना मामा 'सगळी माणसं सारखी' या विषयावर फार सुंदर बोलले. भाकरी गार झाली तरी थांबले नाहीत.

मग आम्ही बारव पाहायला गेलो. काय सांगू! चहूबाजूंनी पायऱ्या खाली उतरत गेलेल्या, मध्ये चौकोनी तळ, आणि खालच्या टप्प्यांवर भिंतीत कोनाडे. त्या कोनाड्यांत मूर्ती. त्या वरून दिसत नाहीत, खाली उतरावंच लागतं. मी पदर खोचला आणि पहिल्या पायरीवर पाऊल टाकणार, तोच एक बाई आडवी आली. तिशीच्या आतली, हिरवं लुगडं, आवाज शाळा भरल्याच्या घंटेसारखा. तिने माझ्या हातात एक लोखंडी पाटी दिली.

"ही कशाला?" मी.

"गाळाला. खाली उतरा, पाटीभर गाळ वर आना, त्या ढिगावर टाका. मग बसा दिवसभर मूर्त्या बगत."

"मी बघायला आलेय."

"मंग कोन नगं म्हनलं? इथं गाळ काडल्याबिगर कुनी उतरत न्हाई."

ही पंचशीला. रोजगार हमीच्या कामावरची मुकादम. तिच्याकडून आणि तिची सासू गयाबाई हिच्याकडून जे ऐकलं ते असं. बौद्धवाड्यात सरकारी हापसा होता, तो आटला. गावात पाणी उरलं फक्त बारवेत, आणि तेही गाळाने बुजत चाललेलं. वाड्यातल्या माणसांनी बारवेची पायरी कधी उतरली नव्हती. गयाबाई लग्न होऊन आली तेव्हापासून घागर घेऊन वरच्या पायरीबाहेर उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून ओतायचे, नाही आली तर ऊन डोक्यावर येईपर्यंत उभं. "कवा कवा घागर भरायची, कवा कवा निस्ती मीच भिजायची," म्हातारी हसत म्हणाली. मला हसता आलं नाही.

मग गाळ काढायची वेळ आली तेव्हा गावातल्या बड्या घरांतलं कुणी चिखलात उतरेना. पंचशीलाने चावडीवर सांगितलं, आम्ही काढतो. पण एकदा काढला की जो गाळ काढेल त्याचं पाणी. मग कुणाची पायरी कुठली हे कुणी विचारायचं नाही. तहानेपुढे गावाने मान डोलावली. तेव्हापासून ज्याला पाणी हवं त्याची रोज घरटी एक पाटी. खालचे झरे मोकळे होऊ लागले, गाळ शेतात जाऊ लागला, आणि वाड्यातल्या बायका घागरी घेऊन थेट तळाशी उतरू लागल्या.

एवढं ऐकल्यावर पाटी न घेण्याची माझी काय बिशाद! मी खाली गेले, पाटी भरली, कमरेवर घेतली, आणि तिसऱ्या पायरीवर पाय सटकून पाटीसकट चिखलात बसले. अगदी ऐसपैस. पांढरी साडी नेसून जाऊ नये असं सुरुवातीला म्हटलं, ते यासाठीच. गयाबाई धावत आली, मला ओढून उभं केलं आणि म्हणाली, "आता मोजा की दोन पाट्या! एक हातातली, एक अंगावरची." पंचशीलाने मात्र मोजली नाही. मी परत खाली गेले आणि नीट एक पाटी वर आणून टाकली. त्यानंतर कोनाड्यातल्या त्या मूर्ती मला जशा दिसल्या, तशी कुठलीच मूर्ती आजवर दिसलेली नाही. त्यांच्या पायाचा गाळ मी काढला होता ना!

संध्याकाळी मात्र घरात वादळ उठलं.

"पाहुन्याच्या हातात पाटी?" मामा खवळले होते. "शिव शिव शिव! आपल्या घरी पाहुना सोताचं ताट उचलाया गेला तर आपन हात धरतो. अन् उद्या ती बसभर मानसं चिखल वाहायली, तर मी बगत बसू? गावाची अब्रू ऱ्हाती का?"

महानंदा मध्ये सापडली. ती पंचशीलाला बोलवून घेऊन आली. मामांनी तोड सुचवली, पाहुणे येतील त्या एका दिवसापुरता नियम बाजूला ठेवू.

पंचशीला उंबऱ्याशी उभी होती, तिथूनच म्हणाली, "अप्पा, एक दिस सोडा म्हनाया तुमी हायसा. दुसऱ्या दिशी सोडा म्हनाया गावात लई जन टपून हायती. पाहुन्याला माफ, मंग पाटलाला माफ, मंग त्येच्या सोयऱ्याला माफ. शेवटी गाळ आमी काडायचा अन् घागर घिऊन पुना वर उभं ऱ्हायचं. म्हातारीला मी पुना तिथं उभी करनार न्हाई."

महानंदा हळूच म्हणाली, "मामा, आपल्या घरची पाटी रोज जाते ना?"

"जाती की! एक दिस चुकली न्हाई."

"कोण नेतं?"

मामांनी पानाचा डबा उघडला आणि बराच वेळ चुना शोधत राहिले. पाटी नामदेव न्यायचा, त्यांचा सालगडी. सगळी माणसं सारखी खरी, पण पाटीपुरतं नामदेव जरा जास्त सारखा होता.

उदगीर, होट्टल, बिलोली

पुढचे दिवस फिरण्यात गेले, पण मनात बारवच होती. उदगीरच्या किल्ल्याभोवती केवढा तो खंदक! आता त्यात शेळ्या चरत होत्या. "दुश्मनाला आता पोहायची गरज न्हाई," किल्ल्यापाशी बसलेला एक म्हातारा म्हणाला, "चप्पल घालून येऊ शकतो." त्याने त्याच्याजवळच्या सुरईतलं पाणी आग्रहाने पाजलं. नको म्हटलं तर रागावला. "पानी न्हाई म्हनू नये बेटी, दुष्काळाला कळतं."

देगलूरकडे होट्टलला जुनी चालुक्यांची देवळं आहेत. दगडातल्या बायका आरशात पाहतायत, पायातला काटा काढतायत, केस पिळतायत. केस पिळणारीकडे पाहून मला लातूरची अर्धी बादली आठवली. हिला कुणी भरून दिली असेल! गावातल्या बायका आमच्याशी मराठीत बोलत आणि आमच्याबद्दल आपसांत तेलुगूत. आमच्याबद्दल चांगलं बोलत असाव्यात, कारण शेवटी गरम धपाटे बांधून दिले. बिलोलीच्या दगडी मशिदीत दुपारी टेकलो, तर तिथल्या वृद्ध गृहस्थांनी सावलीतली जागा आम्हाला देऊन स्वतः उन्हाच्या कडेला बसणं पसंत केलं. आमच्याकडे पाहुण्याला आधी गूळपाणी देतात आणि मग 'कधी निघणार' ते विचारतात. इकडे दुसरा प्रश्न विचारायची पद्धतच नाही.

पण म्हणूनच मला मामांचं दुखणं कळू लागलं. पाहुण्याला काम सांगणं ही इथे साधी गोष्ट नाही. त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. पंचशीलाचाही नव्हता. आणि बस तर ठरलेली होती.

पुन्हा बेलहिप्परगा

बस आली. पुण्यामुंबईची, सोलापूरची, लातूरची माणसं उतरली. टोप्या, गॉगल, थर्मास, आणि एका निवृत्त गृहस्थांच्या गळ्यात तोफेएवढा कॅमेरा. सगळे धुरळ्याने एकाच रंगाचे झाले होते. बारवेच्या वरच्या पायरीवर पंचशीला उभी, शेजारी पाट्यांची चळत. महानंदाने नियम समजावून सांगायला सुरुवात केली, पण तिचा आवाज दर वाक्याला बारीक होत गेला.

"म्हणजे आम्ही गाळ उचलायचा?" कॅमेरावाले म्हणाले. "अहो, आम्ही सहलीला आलोय, श्रमदानाला नाही!"

दोघीचौघी हसल्या, कुणी मनगटावरचं घड्याळ बघितलं. एवढ्यात मामा घाईघाईने आले, हात जोडून म्हणाले, "तुमी कुनी कशाला हात लावू नका. खुशाल उतरा. तुमी आमचे पाहुने."

पंचशीला जागची हलली नाही. "हाव, पाहुने तुमचे. मंग पाहुन्याची पाटी यजमानानं द्यावी. कुनीबी द्यावी, पर पाटी पडल्याबिगर पायरी न्हाई."

मामांनी वळून हाक मारली, "नामदेव! ए नामदेव!"

नामदेव कुठला यायला? मामांनीच त्याला पहाटे बैल घेऊन चारा छावणीवर पाठवलं होतं.

मामांनी पाहुण्यांकडे पाहिलं, पंचशीलाकडे पाहिलं, आपल्या धोतराकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे म्हणतील, 'सर बाजूला.' गावातले दोनचार जण तेवढ्याचीच वाट पाहत कडेला उभे होते, तेही दिसत होते. पंचशीलाचा चेहरा घट्ट झाला होता. मामांनी धोतराचा सोगा वर घेतला, कमरेला खोचला, चळतीतली वरची पाटी उचलली आणि पायऱ्या उतरू लागले.

तळाशी गयाबाई फावड्याने गाळ भरत होती. तिने वर पाहिलं आणि फावडं हातातच राहिलं. "भर की," मामा म्हणाले. तिने अर्धीच भरली. "सगळ्यांची भरतीस तेवढी भर," ते म्हणाले. तिने भरली.

मामा पाटी खांद्यावर घेऊन वर आले, ढिगावर टाकली. "ही एकाची झाली," असं पंचशीलाला सांगून पुन्हा उतरले. दुसरी. तिसरी. धोतराचा रंग आता माझ्या साडीशी सोयरीक सांगू लागला होता. चौथ्या खेपेला त्यांचा श्वास आम्हाला वरपर्यंत ऐकू यायला लागला. कुणी खाली उतरेना, कुणी बसकडेही जाईना. आपल्याला पाहुणे म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला आपल्यासाठी चिखल वाहताना बघत उभं राहणं कुणाला सोपं जाणार!

आधी मी पाटी घेतली. मग सोलापूरच्या एका बाईंनी बांगड्या वर सारल्या. मग कॅमेरावाल्यांनी बूट काढले, मोज्यांची घडी करून त्यात ठेवली, आणि म्हणाले, "द्या इकडे. माझी मीच आणतो. सत्तरीच्या माणसाला पाटी वाहायला लावली हे आमच्या हिला कळलं तर घरात घेणार नाही." त्यावर सगळे हसले आणि हसता हसता रांग लागली. महानंदा डोळे पुसत होती आणि मला सांगत होती, की धूळ गेली. कडेला उभे राहिलेले ते दोनचार जण केव्हा पांगले ते कळलं नाही.

मामा मात्र पाचव्या खेपेला वर आले नाहीत. ते तळाशी, शेवटच्या पायरीवर बसून राहिले होते. चेहरा लाल, ओठ कोरडे पडलेले. मी घाबरून खाली उतरले. गयाबाई झऱ्यापाशी उभी होती, हातात तिचा जर्मनचा तांब्या.

"गयाबाई," मामा म्हणाले, "पानी दे बरं जरासं."

ती तिथेच थबकली. इतक्या वर्षांत वरच्या आळीतल्या कुणी तिच्याकडे पाणी मागितलं नव्हतं. मग वर पंचशीलाकडे मान करून म्हणाली, "पोरीला सांगू का, घरून तुमचा तांब्या आनाया?"

"माझा कशाला? तुझ्या हातात हाय की."

मामांनी दोन्ही हातांची ओंजळ केली आणि तोंडाशी धरली. गयाबाईने तांब्या वाकवला. ती इतक्या लांबून ओतत होती, की पहिलं पाणी त्यांच्या छातीवरच सांडलं. वरून पंचशीला बघत होती. सगळी बारव बघत होती. कॅमेरावाल्यांचा हात कॅमेऱ्याकडे गेला आणि त्यांनी तो आपणहून खाली घेतला.

गयाबाई एक पाऊल पुढे आली, तांब्या ओंजळीला टेकवून हळूहळू ओतू लागली. मामा डोळे मिटून प्यायले. तांब्या रिकामा झाला.

"आनिक?" तिने विचारलं.

"आनिक," मामा म्हणाले, आणि ओंजळ तशीच धरून बसले.